मुक्कामाचा रकाना

समजा, तुमच्यापुढे अठ्ठावन्न फॉर्म ठेवले आहेत आणि त्यांची एक यादी करायची आहे. फॉर्म जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या अठ्ठावन्न कॉलेजांतून आलेत. प्रत्येक कॉलेजने आपला एक प्रतिनिधी निवडलाय आणि हे अठ्ठावन्न जण पुढच्या मंगळवारी मत देऊन विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष ठरवणार आहेत. तुम्ही नाव लिहिता, कॉलेज लिहिता. मग आठवतं की मागच्या महिन्यात या मुलांना पाठवलेली निम्मी पत्रं पोस्टातून परत आली होती, कारण पत्ते अर्धवट होते. तुम्हाला कामाची हौस आहे. तुम्ही पट्टीने एक रेघ जास्त ओढता आणि त्या रकान्यावर लिहिता, ‘सध्याचा मुक्काम’. आता सांगा, कुठे चुकलात?

शहजादी हाशम पिंजारीने १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेच केलं. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

ती धुळ्याची. तिचे वडील हाशमभाई कापूस पिंजून गाद्या भरायचे. घरात सातवीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. जळगावला समाजकार्याच्या एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती. या शिक्षणात आठवड्याचे दोन दिवस कुठल्या तरी ऑफिसात किंवा संस्थेत प्रत्यक्ष काम करावं लागतं. कुणी बालसुधारगृहात जायचं, कुणी सिव्हिल हॉस्पिटलात. शहजादीच्या वाट्याला विद्यापीठाचा विद्यार्थी कल्याण विभाग आला. विद्यापीठ नवंनवं होतं आणि विभाग भाड्याच्या इमारतीत होता. दोन टेबलं, एक गोदरेजचं कपाट, विभागप्रमुख भंगाळे सर आणि शिपाई झुलाल नाना. एवढाच विभाग.

पहिल्या वर्षाला तिच्या सरांनी गृहभेटीचा धडा शिकवताना एक गोष्ट घोटून घेतली होती. पत्ता असा लिहायचा की परका माणूस कुणाला न विचारता दारात पोचला पाहिजे. शहजादी तसंच लिहायची. गल्ली, झाड, दाराचा रंग, सगळं.

यादीतला एकतिसावा मुलगा जीवराम. चाळीसगावकडच्या एका छोट्या कॉलेजचा प्रतिनिधी, वीस वर्षांचा, काटकुळा, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. आदल्या शुक्रवारी तो मुद्दाम ऑफिसात आला होता.

“ताई, मतदानाचं पत्र माझ्या घरी पाठवू नका. मी घरी नाही राहत सध्या.”

“मग कुठे पाठवू?”

तो घुटमळला. “पत्ता कुठे जाणार नाही ना?”

“फाईलमध्येच राहील,” शहजादी म्हणाली, आणि तिने लिहून घेतलं. बहीण बेबाबाई, पाचोरा, भडगाव रोड, पिठाच्या गिरणीमागे, निळं दार.

पुढच्या गुरुवारी सगळे फॉर्म एका ओळीने उतरवताना एकतिसावा फॉर्मही उतरला. तिला आठवलंच नाही असं नाही. ती मला म्हणाली की नाव लिहिताना त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला होता, पण रकाना रिकामा सोडला तर यादी अपुरी दिसेल असं वाटलं. सकाळी अकराला तिने यादी नोटीस बोर्डावर लावली.

साडेअकराला बोर्डापुढे दहा-बारा पोरं उभी होती. वह्या काढून लिहून घेत होती. शहजादीला बरं वाटलं. एवढ्या मन लावून इथली नोटीस आजवर कुणी वाचली नव्हती.

झुलाल नाना चहाची किटली घेऊन आत येताना बोर्डापाशी थांबला. तो पारोळ्याकडचा, साठीला टेकलेला. त्याने किटली खाली ठेवली आणि बोट फिरवत यादी वाचली.

“पोरी, हाई काय करं तू?”

“काय झालं नाना?”

“आठे निवडणूक शे, लगीन नही. बठ्ठासना पत्ता कसाले लिखात?”

सगळ्यांचे पत्ते लिहायचं कारण काय, ते त्याला कळेना. मग त्याने तिला जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. निवडणुकीआधी उमेदवार प्रतिनिधींना सहलीला नेतात. एका गाडीत पंधरा-वीस पोरं भरायची, सापुतारा नाहीतर त्र्यंबक, मटण, पत्ते, व्हिडिओ. मतदानाच्या सकाळी गाडी थेट केंद्राच्या दारात. बरीच पोरं हौसेने जातात. जी जात नाहीत ती लपतात, मामाकडे, बहिणीकडे. मग त्यांना शोधायला माणसं सुटतात. सापडली की त्यांचीही सहलच होते, पण तिथे मटण नसतं. दोन वर्षांपूर्वी एका पोराच्या कानाचा पडदा गेला होता.

शहजादी धावत बोर्डाकडे गेली. भंगाळे सरांनी दारातच अडवलं.

“हात लावू नका. लावलेली नोटीस तीन दिवस काढता येत नाही. काढली की दुसरा गट म्हणणार, यांनी पक्षपात केला.”

“सर, यात मुलांचे पत्ते आहेत.”

“मग लावायच्या आधी मला दाखवायचं होतं. तुम्ही इथे शिकायला आलात ना? शिका.”

सर जेवायला गेल्यावर तिने नोटीस फाडली. नाना पाठ करून उभा राहिला, म्हणजे आपण पाहिलं नाही असं शपथेवर सांगता येईल. तोवर दीड वाजला होता. पाचोरा पंचेचाळीस किलोमीटर, आणि वह्यांत पत्ते लिहून घेणारी पोरं केव्हाच निघून गेली होती.

शुक्रवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर एक बाई बसली होती. डाव्या भुवईवर टाके, मनगटात बांगड्या फुटून रुतलेल्या जागा, लुगड्यावर वाळलेलं रक्त. नाना कुलूप उघडत होता. बाईने त्याला विचारलं, “हाई यादी कोनी लिखी?”

तिच्या हातात वहीतून फाडलेला कागद होता. घरात घुसलेल्या माणसांच्या खिशातून पडला असावा. त्यावर लिहिलं होतं, विद्यार्थी कल्याण विभागाची यादी, क्र. ३१, गिरणीमागे, निळं दार.

नाना काही बोलायच्या आत शहजादी म्हणाली, “मी.”

जीवरामची बहीण बेबाबाई उठली आणि तिने शहजादीच्या तोंडात मारली. एकदा, मग दुसऱ्यांदा. शहजादीचा चष्मा पायऱ्यांवरून खाली गेला. बेबाबाईने तिची वेणी धरली आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

“मना भाऊ कोठे शे? बोल! मना भाऊ कोठे शे?”

नानाने दोघींना सोडवलं. शहजादी रडली नाही. तिने चष्मा उचलला, एक काच तडकली होती. मग बेबाबाईकडून सगळं ऐकून घेतलं.

गुरुवारी चारच्या सुमाराला जीप आली. सहा जण होते. कुणालाही न विचारता ते सरळ निळ्या दाराशी आले. जीवराम आत ताटावर बसला होता. त्याला केसांना धरून ओढलं. बेबाबाईचा नवरा आडवा आला तर त्याच्या गुडघ्यावर सळई घातली, तो आता सरकारी दवाखान्यात. बेबाबाईने एकाच्या मनगटाचा लचका तोडला, तेव्हा दुसऱ्याने तिला उंबऱ्यावर आदळलं. शेजारीपाजारी उभे होते. “विद्यार्थ्यांचं भांडण आहे,” असं एक जण म्हणाला. जीप निघताना ड्रायव्हरला कुणी तरी सांगितलं, “धुळ्याला, जिनवर घे.”

“पोलिसात गेला होता?” शहजादीने विचारलं.

“गयथू ना. म्हणे, सहलले गया व्हई.”

नानाने मान हलवली. धुळ्याला कुणाचं जिन ते त्याला ठाऊक होतं. दोन उमेदवारांतला एक मगन. त्याच्या काकाने धुळ्याच्या बाहेर एक कापसाचं जिनिंग चालवायला घेतलं होतं. ऑगस्टात कापूस नसतो, जिन बंद असतं. आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही.

भंगाळे सर आले, त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “हे बघा, विद्यापीठाचा याच्याशी संबंध नाही. मतदान केंद्राच्या आत काय होतं तेवढं आपलं. तुम्ही कुठे जाऊ नका. तुम्ही या ऑफिसच्या नोकर नाही, काही झालं तर मी कुणाला उत्तर देऊ?”

“नोकर नाही, तर मग मला रजा पण लागत नाही,” शहजादी म्हणाली.

धुळ्याची एस. टी. दहाला होती. नाना किरकोळ रजेचा अर्ज टेबलावर ठेवून त्यांच्यासोबत निघाला. एरंडोल मागे पडलं. मग बेबाबाईने विचारलं, “तुले भाऊ शेतस का?”

“दोन आहेत.”

बेबाबाईने खिडकीबाहेर पाहिलं.

ते जिन शहजादीच्या वडिलांना माहीत होतं. हाशमभाई दरवर्षी तिथून मशीनखालची टाकाऊ रुई आणायचे, स्वस्त गाद्यांसाठी. वॉचमन ओळखीचा होता. त्यांनी शहजादीच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. ऐकून घेतलं, दोन रिकामी पोती काखेत मारली आणि म्हणाले, “चल बेटी. मागच्या दाराने जाऊ.”

वॉचमनने पोती पाहून फाटक उघडलं. मग मागून येणाऱ्या दोन बाया आणि नाना पाहून तो गडबडला, पण तोवर ते आत होते.

जिनाचा हॉल लांबलचक. दोन्ही बाजूंना लोखंडी मशीनच्या रांगा, छतापर्यंत पांढरी धूळ. मधल्या मोकळ्या जागेत सतरंजीवर सात-आठ पोरं जेवत होती. पलीकडे मशीनच्या पायाला टेकून जीवराम बसला होता. त्याचे पाय पुढे पसरलेले. तळवे सुजून काळेनिळे झाले होते, ते माणसाचे तळवे वाटत नव्हते. खालचा ओठ फाटलेला. वरची गुंडी मात्र लावलेलीच होती.

बेबाबाई किंचाळत त्याच्याकडे धावली. एकाने तिला कमरेला धरून अडवलं.

मगन हात धुवून उठला. पंचविशीचा, गोरा, इस्त्रीचा सफारी. त्याने शहजादीला ओळखलं आणि तो मनापासून हसला.

“या, या! कल्याण विभाग आला! अरे ताट वाढा बाईंना. विद्यार्थ्यांचं कल्याण कसं चाललंय ते पाहायला आल्यात.”

पोरं हसली.

“याला सोडा,” शहजादी म्हणाली.

“सोडतो ना. पाहुणा आहे आमचा. फक्त सतरंजीवर बसून आमच्यात जेव म्हणतोय, तर जेवत नाही. मत देतो म्हण, तर म्हणत नाही. विचारा तुम्हीच.”

तिने जीवरामकडे पाहिलं. तो हळू पण स्पष्ट बोलला, “मत माझं आहे.”

“कालपासून हेच,” मगन म्हणाला. “रेकॉर्ड अडकलीय.”

हाशमभाई पुढे झाले. हात जोडून म्हणाले, “भाऊ, लेकरू आहे. जाऊ द्या.”

“तू कोण? रुईवाला ना?” मगनच्या शेजारच्या पोराने त्यांच्या पोटात लाथ घातली. हाशमभाई रिकाम्या पोत्यांवर पडले आणि उठू शकले नाहीत. त्यांचा श्वास घरघरत होता. नाना त्यांच्यावर ओणवा झाला तर नानाच्या पाठीतही बसली.

मगनने मशीनवरचा मोठा पाना उचलला. “तुम्ही आलात ते बरं झालं बाई. ऑफिसचं माणूस साक्षीला पाहिजेच होतं.”

दोघांनी जीवरामचा उजवा हात ओढून मशीनच्या लोखंडी कडेवर धरला. बोटं पसरवली. बेबाबाई धरणाऱ्याच्या हातातून सुटायला धडपडत होती, शिव्या देत होती, मध्येच हात जोडत होती. मगनने पाना मारला. आवाज मोठा नव्हता. शहजादी सांगते की कापसाची वाळलेली पळकाठी मोडावी तसा आवाज होता. जीवराम ओरडला नाही, तोंड उघडलं आणि त्यातून आवाजच आला नाही. दुसऱ्या फटक्याला मात्र तो ओरडला.

“आता कागद आणा,” मगन म्हणाला.

शहजादीपुढे वही आणि पेन ठेवलं. मगन सांगत गेला पण तिने लिहिलं नाही. मग त्याने मान वळवून पोरांना सांगितलं, “दुसरा हात आहे अजून त्याचा.”

त्यांनी डावा हात कडेवर ठेवला. शहजादीने लिहिलं. ‘प्रतिनिधी जीवराम हे स्वखुशीने सहलीस आले होते. जिनमध्ये खेळताना मशीनवर पडून त्यांच्या हातास इजा झाली. मी स्वतः पाहिले आहे.’ खाली सही. सहीखाली ‘विद्यार्थी कल्याण विभाग’ असंही लिहायला लावलं. तिचं अक्षर चांगलं होतं, सुटं आणि गोल. मगनने कागद वाचला आणि फुंकर घालून शाई वाळवली.

“घेऊन जा. आमचं काम झालं.”

सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, कसं झालं. शहजादीने तोंड उघडलं. पण जीवरामच आधी बोलला.

“सहलीला गेलो होतो. मशीनवर पडलो.”

डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, “जीवराम, मी सांगते ना खरं काय ते. मी पोलिसांना सांगेन.”

तो छताकडे बघत होता. “ताई, तुम्हीच लिहून दिलंय. आता तुम्ही दुसरं सांगितलं तर खोटी कोण ठरणार?” मग म्हणाला, “डावा हात वाचला. तेवढं खरं.”

तरीही ती ठाण्यात गेली. हवालदाराने तिचं ऐकून घेतलं आणि तिच्याच अक्षरातल्या कागदाची झेरॉक्स तिच्यापुढे ठेवली. ती तिच्या आधीच तिथे पोचली होती.

त्या आठवड्याचा अहवाल तिने कॉलेजात दिला. दर आठवड्याला ‘या आठवड्यात काय शिकलो’ असं एक पान भरायचं असे. तिने साडेचार पानं लिहिली. तिच्या सरांनी शेवटी लाल शाईने शेरा मारला, ‘भावना कमी, निरीक्षण जास्त हवे.’ वही अजून तिच्याकडे आहे. मी पाहिली आहे. जिनमधल्या मशीनची संख्यासुद्धा तिने मोजून लिहिली होती, सोळा. याहून जास्त निरीक्षण कसं करतात, मला माहीत नाही.

मंगळवारी मतदान. केंद्र विभागाच्याच इमारतीत. सकाळपासून बाहेर लाठीवाले पोलीस, आत भंगाळे सर, दुसऱ्या विभागाचे दोन प्राध्यापक आणि मतपत्रिका मोजून द्यायला शहजादी. सरांनी तिला खरं तर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. ती आली, आणि तिला जा म्हणायचा धीर त्यांना झाला नाही.

जीपा आल्या. सहलीची पोरं रांगेत उतरली, कुणी झोपाळलेलं, कुणी हसत. फाटकाशी दोन्ही गटांत सायकलच्या चेन निघाल्या. एका पोराचं डोकं फुटलं आणि तो तसाच, रुमाल दाबून, मत द्यायला आत आला. टेबलावर रक्ताचे थेंब पडले. नानाने ओल्या फडक्याने पुसले आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

दोन वाजता बेबाबाईच्या खांद्यावर हात टाकून जीवराम आला. पायात चपला घालता येत नव्हत्या, तळव्यांना चिंध्या बांधल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. त्याने नोंदवहीत डाव्या हाताने सही केली. मगनचा माणूस खुर्चीतून उठला.

“सर, ऑब्जेक्शन. सही डाव्या हाताची. फॉर्मवरच्या सहीशी जुळत नाही.”

नियम तसाच होता. सही जुळली नाही तर विभागाच्या कुणी तरी ओळख पटल्याचं लिहून द्यायचं, नाहीतर मत नाही. भंगाळे सर कागद चाळू लागले. त्यांची बोटं एकाच पानावर दोनदा फिरली.

“मी ओळखते,” शहजादी म्हणाली. “मी लिहून देते.”

दारात उभा असलेला मगन म्हणाला, “घ्या हो सर. बाईंनी लिहून दिलं म्हणजे खरंच असतं.”

हसू पसरलं. शहजादीने मान खाली घालून लिहिलं, ‘यांना मी ओळखते,’ आणि सही केली. जीवरामने मतपत्रिका घेतली. तिच्याकडे पाहिलं नाही. तो पडद्यामागे गेला. एरवी अर्धं मिनिट लागायचं, त्याला चार मिनिटं लागली. बाहेर पोरं शिट्ट्या मारायला लागली. पेन दोनदा खाली पडल्याचा आवाज आला. मग तो आला, डाव्या हाताने घडी पेटीत ढकलली आणि बहिणीच्या आधाराने निघून गेला.

मगन निवडून आला, त्याला एकतीस मतं, दुसऱ्याला सव्वीस. एक मत बाद. रात्री मिरवणूक निघाली, फटाके लागले आणि पराभूत गटाच्या हॉस्टेलच्या सगळ्या खिडक्या फुटल्या. दोन-तीन वर्षांनी राज्यभरातच या निवडणुका बंद झाल्या.

शहजादी आज धुळ्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. हाशमभाई त्यानंतर तीन वर्षं जगले, पण त्यांना जड गादी उचलता आली नाही. जीवरामने कॉलेज सोडलं. पाचोऱ्यालाच बहिणीच्या घराजवळ त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंय. दोन बोटं वळत नाहीत, तरी पंक्चर काढतो. ती दोनदा त्याच्या दुकानात गेली. त्याने दोन्ही वेळा चहा मागवला, तिच्या नोकरीची चौकशी केली, पावसापाण्याचं बोलला.

बाद झालेलं ते मत मोजणीच्या वेळी तिच्याच हातात आलं होतं. त्यावर एका नावापुढे फुली असायच्या ऐवजी एक वेडीवाकडी, थरथरती रेघ होती. मगनच्या नावावरून सुरू होऊन दुसऱ्या उमेदवाराच्या नावापर्यंत खाली आलेली. प्राध्यापकांनी नजर टाकून ती पत्रिका बाजूला ठेवली. मत जीवरामचंच, याबद्दल तिला शंका नाही. ज्या मतासाठी त्याने तळवे आणि बोटं दिली ते हे.

दुकानात ती दर वेळी विचारायचं ठरवून जाते आणि चहा पिऊन परत येते. तिला एवढंच जाणून घ्यायचंय: ती रेघ त्याने दोघांनाही नाकारायला ओढली होती, की एकालाच मत द्यायला गेलेला त्याचा डावा हात घसरला होता?